समोर बसलेला की दुरून आलेला? रिमोट लॉगिन कोडमधून ओळखायचे कसे

म्हापशाच्या बाजारपेठेतल्या एखाद्या दुकानाची कल्पना करा. बिलिंगचा संगणक गल्ल्यावर आहे. रात्री दुकान बंद झाल्यावर मालक डिचोलीच्या घरून रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर आणणाऱ्या विंडोजच्या सोयीने, त्याच संगणकावर येतो, दिवसभराची बिले चाळतो, एखादे दुरुस्त करून पुन्हा सेव्ह करतो. सेव्ह झाले की प्रोग्राम पावती छापायचा हुकूम सोडतो आणि प्रिंटरला जोडलेला पैशांचा खण टकदिशी उघडतो. बंद दुकानात, अंधारात, सकाळपर्यंत उघडाच. माणूस गल्ल्यासमोरच बसला आहे असे प्रोग्रामने गृहीत धरले होते, आणि ते तपासणारी ओळ त्यात कुठेच नव्हती.

गरज फक्त गल्ल्यापुरती नाही. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सेकंदाला वीस वेळा हलणारा आलेख समोरच्या पडद्यावर छान दिसतो. वाळपईहून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जोडलेल्या अभियंत्याला तोच आलेख रांगत येतो, कारण बदललेला प्रत्येक तुकडा तारेवरून पाठवावा लागतो. चवथीच्या सुट्टीत गावी गेलेला हिशेबनीस २० तारखेचे जीएसटी विवरण भरायला पणजीच्या कार्यालयातल्या संगणकात शिरतो, तेव्हा नोंदवहीत "कार्यालयातून" लिहायचे की "घरून", हेही कोडलाच ठरवायचे असते.

कोड लिहायच्या आधी प्रश्न नीट मांडावा लागतो, कारण "रिमोट आहे का?" या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न दडले आहेत. या सेशनचा, म्हणजे लॉगिनने उघडलेल्या बैठकीचा, पडदा आत्ता, या क्षणी, कुठे दिसतो आहे? लॉगिन मुळात कुठल्या मार्गाने झाले? आणि माणूस समोर असला तरी दुसरे कोणी तोच पडदा बघते आहे का? तिन्हींची साधने वेगळी आहेत. बहुतेक चुका एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लावल्यामुळे होतात. खण उघडायचा की नाही याला पहिला प्रश्न लागतो, हिशेबतपासणीला दुसरा, बँकेच्या व्यवहाराला तिसरा.

लिहिण्याबद्दल एक सूचना. खाली फंक्शनांची नावे देवनागरीत, मध्ये जोडरेघ घालून दिली आहेत; एडिटरमध्ये ती मूळ रोमन स्पेलिंगने, जोडरेघेशिवाय टाइप करायची. स्थिरांकांचे आकडे दशमान पद्धतीत दिले आहेत, ते जसेच्या तसे वापरता येतात.

विंडोज: आधी सेशन समजून घ्या

विंडोजमध्ये लॉगिन केलेल्या प्रत्येक माणसाला एक सेशन मिळते आणि प्रत्येक सेशनला क्रमांक असतो. व्हिस्टापासून शून्य क्रमांकाचे सेशन फक्त सर्व्हिसेससाठी, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामांसाठी, राखीव आहे. माणसांची सेशने १ पासून पुढे. यांपैकी एका वेळी एकच सेशन संगणकाच्या स्वतःच्या मॉनिटर-कीबोर्डाला जोडलेले असते. त्याला कन्सोल म्हणतात.

आता नेहमी फसवणारी गोष्ट. दुकानदाराने सकाळी गल्ल्यावर लॉगिन केले, त्याला सेशन १ मिळाले. बिलिंगचा प्रोग्राम उघडाच ठेवून तो घरी गेला आणि रात्री त्याच नावाने रिमोट डेस्कटॉपने आला. विंडोज त्याला नवे सेशन देत नाही. तेच सेशन १ मॉनिटरवरून उचलून तारेवर लावते आणि गल्ल्यावरच्या मॉनिटरसाठी कुलूप-पडद्याचे वेगळे सेशन उभे करते. प्रोग्राम तोच, प्रोसेस तीच, सेशन क्रमांकही तोच. बदलला तो फक्त पडदा. म्हणून प्रोग्राम सुरू होताना एकदा विचारून उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवून दिले, तर ते संध्याकाळी खोटे ठरते. "सेशन १ म्हणजे कन्सोल" हे समीकरणही असेच कोसळते.

पहिली पायरी: एका ओळीची चाचणी

विंडोजच्या यूझर३२ लायब्ररीतले गेट-सिस्टम-मेट्रिक्स हे फंक्शन ४०९६ हा आकडा देऊन बोलवा. उत्तर शून्य आले तर कन्सोल, शून्याखेरीज काहीही आले तर रिमोट डेस्कटॉप सेशन. या स्थिरांकाचे नाव एसएम_रिमोटसेशन. उत्तर "१ आहे का" असे तपासू नका, "शून्य नाही ना" असे तपासा.

सी-शार्पमध्ये विंडोज फॉर्म्सच्या सिस्टम-इन्फर्मेशन या क्लासची टर्मिनल-सर्व्हर-सेशन ही प्रॉपर्टी हीच चाचणी आतून करते. पायथॉनमध्ये सीटाइप्स मॉड्यूलमधून यूझर३२ चे तेच फंक्शन ४०९६ देऊन बोलावता येते; वेगळे काही इन्स्टॉल करावे लागत नाही. जावाच्या मूळ लायब्ररीत याची सोय नाही, तिथे जेएनए ही बाहेरची लायब्ररी घेता येते.

पुष्कळ कामांना एवढे पुरते. अ‍ॅनिमेशन थांबवणे, पार्श्वभूमीचे चित्र काढणे, आलेख सेकंदाला वीसऐवजी दोनदा रंगवणे यासाठी याच्या पुढे जाऊच नका. चुकीचे उत्तर आले तरी बिघडते ते थोडे रंगकाम. दोन बफर ठेवून रंगवणे, म्हणजे आधी मेमरीत पूर्ण चित्र काढून मग ते पडद्यावर टाकणे, मात्र रिमोटवर बंद करून बघा: आख्खे चित्र एक मोठा ठोकळा म्हणून पाठवण्यापेक्षा साध्या रेघा आणि अक्षरे पाठवणे तारेला अनेकदा हलके जाते.

दुसरी पायरी: जिथे पहिली फसते

विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून एक भोक आहे. रिमोट सेशन रिमोट-एफएक्सचे आभासी ग्राफिक्स कार्ड (मायक्रोसॉफ्टने ते २०२१ मध्ये काढून टाकले) वापरत असेल, तर ४०९६ ची चाचणी त्याला स्थानिकच म्हणते. मायक्रोसॉफ्टचा पर्याय असा की रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातून, कन्सोलचा सेशन क्रमांक वाचायचा आणि आपल्या क्रमांकाशी ताडून बघायचा.

रजिस्ट्रीचा मार्ग: एचकेईवाय_लोकल_मशीनखाली सिस्टम, त्यात करंट-कंट्रोल-सेट, त्यात कंट्रोल, त्यात टर्मिनल सर्व्हर. तिथे ग्लास-सेशन-आयडी नावाचे डीवर्ड (३२ बिटचा आकडा) मूल्य असते. काच म्हणजे खराखुरा मॉनिटर, असे लक्षात ठेवले की नाव विसरत नाही. आपला क्रमांक काढायला गेट-करंट-प्रोसेस-आयडीने मिळालेला आकडा प्रोसेस-आयडी-टू-सेशन-आयडी या फंक्शनला द्या. दोन्ही क्रमांक सारखे तर माणूस काचेसमोर, वेगळे तर नाही. ३२ बिटच्या प्रोग्रामला इथे वेगळी खटपट लागत नाही. बाजूला वळवली जाते ती सॉफ्टवेअर शाखा, सिस्टम शाखा नव्हे.

या पद्धतीलाही खोट आहे. एकाच संगणकावर सकाळच्या पाळीच्या मुलीने लॉगिन ठेवून दुपारच्या मुलाने "स्विच यूझर" केले, की सकाळचे सेशन मागे जिवंत राहते. त्याचा क्रमांक काचेशी जुळत नाही. चाचणी "रिमोट" म्हणते, प्रत्यक्षात तिथे कोणीच नसते. तेव्हा क्रमांक ताडण्याआधी सेशनची स्थिती विचारणे भाग आहे.

तिसरी पायरी: स्थिती विचारा

डब्ल्यूटीएस-एपीआय३२ या लायब्ररीतले डब्ल्यूटीएस-क्वेरी-सेशन-इन्फर्मेशन हे फंक्शन या कामाचे खरे हत्यार आहे. सर्व्हरच्या जागी शून्य द्या, सेशनच्या जागी उणे १, म्हणजे "माझेच सेशन". तिसऱ्या जागी काय विचारायचे त्याचा क्रमांक. उपयोगाचे चारच:

- ८, जोडणीची स्थिती. उत्तर ० म्हणजे चालू, ४ म्हणजे तुटलेले. बाकीची मूल्ये क्वचित भेटतात.
- १६, कुठल्या प्रोटोकॉलने आला. ० म्हणजे कन्सोल, २ म्हणजे रिमोट डेस्कटॉप. १ हे जुन्या काळासाठी राखलेले मूल्य.
- १०, पलीकडच्या संगणकाचे नाव.
- १४, पलीकडचा आयपी पत्ता.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला: १६ चे उत्तर दोन बाइटचे असते. सवयीने चार बाइट वाचले की वरच्या दोन बाइटांत कचरा येतो आणि तुलना कधी जुळते, कधी नाही. चाचणीच्या यंत्रावर सगळे ठीक आणि गिऱ्हाईकाकडे लहरी वागणूक, अशी तक्रार आली तर आधी इथे बघा. दुसरा: मिळालेला बफर डब्ल्यूटीएस-फ्री-मेमरीने सोडावा लागतो. दर सेकंदाला विचारणारा आणि न सोडणारा प्रोग्राम दिवसाअखेर मेमरी खात बसतो.

पत्त्याच्या बाबतीत तिसरा खड्डा: आयपीव्ही४ पत्ता मिळालेल्या अ‍ॅरेच्या सुरुवातीपासून नव्हे, दोन बाइट सोडून सुरू होतो. शिवाय तो पत्ता आणि ते नाव दोन्ही पलीकडचा संगणक स्वतः सांगतो. राउटरच्या मागून आलेल्या माणसाचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा घरगुतीच दिसेल. नोंदीत लिहायला हरकत नाही, पण त्यावरून कोणाला आत घ्यायचे ते ठरवू नका.

आता सगळे एकत्र जोडू. फंक्शनने हो-नाही उत्तर देऊ नये, असा आमचा आग्रह आहे. पाच उत्तरे ठेवा: समोर, समोर-पण-दुसऱ्याच्या-हातात, दुरून, कोणीच-नाही, माहीत-नाही. क्रम असा:

१. स्थिती विचारा. फंक्शन अपयशी ठरले तर "माहीत-नाही". स्थिती ४ असेल तर "कोणीच-नाही". दोन्हींत इथेच परत फिरा.
२. मेट्रिक ४०९६ शून्य नसेल तर "दुरून".
३. ग्लास-सेशन-आयडी वाचा. वाचता आले नाही तर "माहीत-नाही". आपल्या क्रमांकाशी जुळत नसेल तर "दुरून".
४. मेट्रिक ८१९३ शून्य नसेल तर "समोर-पण-दुसऱ्याच्या-हातात".
५. यातले काहीच नाही, तर "समोर".

चौथ्या ओळीतला ८१९३ म्हणजे एसएम_रिमोटकंट्रोल. प्रशासकाने रिमोट डेस्कटॉपच्या शॅडो सोयीने चालू सेशनमध्ये डोकावले की हे मेट्रिक शून्य राहत नाही. खण उघडण्याची अट एकच: उत्तर नेमके "समोर" असेल तर. "दुरून नसेल तर" अशी उलटी अट लिहिलीत तर "माहीत-नाही" आले तरी खण उघडेल.

चौथी पायरी: बदल कळवून घ्या

जून-जुलैत गोव्यात वीज दिवसातून चारदा डोळे मिचकावते. दुकानाचा संगणक इन्व्हर्टरवर तग धरतो, पण घरचा राउटर जातो. रिमोट सेशन तुटते, प्रोग्राम मात्र आत चालूच राहतो. दहा मिनिटांनी मालक पुन्हा जोडतो, किंवा सकाळी थेट गल्ल्यावर येऊन कुलूप उघडतो. दर दोन सेकंदांनी विचारत बसण्यापेक्षा विंडोजलाच सांगून ठेवावे.

खिडकी असलेल्या प्रोग्रामने डब्ल्यूटीएस-रजिस्टर-सेशन-नोटिफिकेशन हे फंक्शन आपल्या खिडकीचे हँडल (विंडोजने तिला दिलेला ओळख-आकडा) आणि ० देऊन बोलवावे. ० म्हणजे फक्त माझे सेशन, १ म्हणजे सगळी. त्यानंतर बदल झाला की खिडकीला ६८९ क्रमांकाचा संदेश येतो. त्याच्या पहिल्या पॅरामीटरमध्ये कारण असते: १ कन्सोलला जोडले, २ कन्सोलवरून तुटले, ३ रिमोट जोडले, ४ रिमोट तुटले, ७ कुलूप, ८ कुलूप उघडले, ९ शॅडो सुरू किंवा बंद. दुसऱ्या पॅरामीटरमध्ये सेशन क्रमांक. ९ आले तर सुरू झाले की बंद, हे ८१९३ ला विचारून ठरवावे लागते.

संदेशातल्या आकड्यावरून थेट निष्कर्ष काढू नका. संदेश आला म्हणजे "पुन्हा विचारा" एवढाच अर्थ घ्या. वरचे पाच ओळींचे फंक्शन लगेच एकदा आणि सेकंद-दोन सेकंदांनी पुन्हा चालवा, कारण जोडणी बदलताना ३ नंतर ८ असे संदेश पाठोपाठ येतात आणि मधल्या क्षणाचे उत्तर टिकेलच असे नाही. खिडकी बंद करण्याआधी नोंदणी रद्द करा.

स्टार्टअपला चालू होणाऱ्या प्रोग्रामांना आणखी एक त्रास होतो. संगणक सुरू होता होताच नोंदणी केली तर ती १७०२ ही चूक देऊन परत येते, कारण रिमोट डेस्कटॉपची सर्व्हिस अजून उठलेली नसते. ग्लोबल विभागातल्या टर्म-सर्व्ह-रेडी-इव्हेंट या इव्हेंटची वाट पाहून मग नोंदणी करा. निदान काही सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करा, चूक गिळून पुढे जाऊ नका.

सी-शार्पवाल्यांना सिस्टम-इव्हेंट्स क्लासचा सेशन-स्विच हा इव्हेंट तयार मिळतो. कारणांचे आकडे तेच. त्याला संदेश फिरवणारा धागा (थ्रेड) लागतो, म्हणून खिडकी नसलेल्या साध्या कमांड-लाइन प्रोग्राममध्ये तो मुका राहतो. तो स्टॅटिक असल्याने खिडकी मिटताना हँडलर काढला नाही तर खिडकीची वस्तू मेमरीत अडकून पडते.

सर्व्हिसमधून विचारायचे असेल तर

सर्व्हिस शून्य सेशनमध्ये असते. तिने ४०९६ ची चाचणी केली तर उत्तर तिच्या स्वतःच्या सेशनचे येते, माणसाचे नाही. त्यामुळे सर्व्हिसचा कोड वेगळाच लिहावा लागतो: डब्ल्यूटीएस-एन्युमरेट-सेशन्सने सगळी सेशने मोजायची, शून्य क्रमांकाचे आणि फक्त ऐकत बसलेले, म्हणजे स्थिती ६ असलेले, वगळायचे आणि उरलेल्या प्रत्येकाला क्रमांक ८ व १६ चे प्रश्न विचारायचे. बदलांसाठी हँडलर-एक्स प्रकारचा हँडलर लावून सेशन-चेंज कंट्रोल स्वीकारत असल्याचे सांगावे लागते. कन्सोलचा क्रमांक डब्ल्यूटीएस-गेट-अ‍ॅक्टिव्ह-कन्सोल-सेशन-आयडी देते. जोडणी बदलण्याच्या मधल्या क्षणी ते ४२९४९६७२९५ परत करते. तो सेशन क्रमांक समजून पुढे वापरू नका.

सुरक्षित कवचातून, म्हणजे दुरून टाइप करून आज्ञा देता येणाऱ्या एसएसएचने, विंडोजवर आलेला माणूस आणि पॉवरशेल रिमोटिंगने आलेला माणूस या दोघांचे प्रोग्रामही शून्य सेशनमध्येच चालतात. दोघेही दूर असतात आणि ४०९६ ची चाचणी दोघांनाही स्थानिक म्हणते. पहिल्यासाठी एसएसएच_कनेक्शन हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल बघा, दुसऱ्यासाठी पॉवरशेलमधले पीएस-सेंडर-इन्फो. सेशन क्रमांक शून्य आणि तुमचा प्रोग्राम सर्व्हिस नाही, तर संशय घ्यायलाच हवा.

लॉगिन मुळात कसे झाले?

हा दुसरा प्रश्न. याचे उत्तर प्रोसेसच्या टोकनमध्ये, म्हणजे लॉगिनच्या वेळी मिळालेल्या ओळखपत्रात, कोरलेले असते. एस-१-५-१४ हा गट टोकनमध्ये असेल तर ते लॉगिन रिमोट डेस्कटॉपने झाले. चेक-टोकन-मेंबरशिपने कोडमधून तपासता येते आणि "हू-अ‍ॅम-आय" या कमांडला "ग्रुप्स" जोडून डोळ्यांनीही बघता येते. एस-१-५-४, म्हणजे इंटरॅक्टिव्ह, दोन्ही प्रकारच्या लॉगिनांत असतो. त्यावरून भेद करायला जाल तर सगळेच समोर बसलेले दिसतील.

टोकन नंतर बदलत नाही. सकाळी गल्ल्यावर लॉगिन करून रात्री घरून जोडलेल्या मालकाच्या टोकनमध्ये १४ नसते. उलट रात्री घरून नव्याने लॉगिन करून सकाळी गल्ल्यावर आलेल्याच्या टोकनमध्ये ते असते. खणासाठी हे निरुपयोगी, हिशेबतपासणीसाठी मोलाचे.

इतिहास हवा असेल तर सिक्युरिटी लॉगमधली ४६२४ क्रमांकाची नोंद बघा. लॉगिन प्रकार २ म्हणजे समोरून, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉपने. जुन्या सेशनला पुन्हा जोडताना बऱ्याचदा प्रकार ७, म्हणजे कुलूप उघडल्याचा, दिसतो. म्हणून फक्त १० मोजणारा अहवाल अर्धवट निघतो. जोडणे आणि तुटणे यांच्या स्वतंत्र नोंदी ४७७८ आणि ४७७९. हा लॉग वाचायला प्रशासकाचे हक्क लागतात. टर्मिनल सर्व्हिसेसच्या लोकल-सेशन-मॅनेजर लॉगमध्ये २१ लॉगिन, २४ तुटणे, २५ पुन्हा जोडणे असे मिळते. पण २१ समोरून केलेल्या लॉगिनलाही पडते, तेव्हा पत्त्याच्या रकान्यात "लोकल" असते. तो रकाना न वाचता २१ मोजू नका.

एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलचा मोह

सेशननेम या व्हेरिएबलमध्ये "कन्सोल" किंवा "आरडीपी-टीसीपी" आणि पुढे क्रमांक असे दिसते, म्हणून बॅच फाइल लिहिणारे ते पटकन वापरतात. प्रोसेस जन्माला आली तेव्हाची ती नक्कल असते. सेशन नंतर तारेवर गेले तरी चालू प्रोग्रामला जुनेच मूल्य दिसते, आणि कोणीही ते एका ओळीत बदलू शकतो. क्लायंटनेमचे तसेच. लॉगिन स्क्रिप्टपुरते ठीक आहे, त्यापुढे नको.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, व्हीएनसी, क्विक असिस्ट

आतापर्यंतची सगळी साधने इथे हात टेकतात. दुरून पडदा बघू आणि हाताळू देणारे हे प्रोग्राम नवे सेशन उघडत नाहीत. कन्सोलचाच पडदा टिपतात आणि पलीकडे पाठवतात. विंडोजच्या हिशेबी माणूस समोरच आहे. याचा गैरवापर किती होतो ते फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचे नाव घेऊन बँकांना सावध केले त्यावरून कळेल.

खात्रीचा मार्ग नाही. अदमासाचे दोन आहेत. एक, चालू प्रोसेसची नावे तपासणे. पण फाइलचे नाव बदलता येते, आणि टीमव्ह्यूअरची सर्व्हिस कोणी जोडलेले नसतानाही मागे चालू असते. नुसती सर्व्हिस दिसली म्हणून गल्ला अडवाल तर दुकानदार दुसऱ्या दिवशी तुमचाच प्रोग्राम काढून टाकेल. दोन, माऊस आणि कीबोर्डचे खालच्या पातळीचे हुक (प्रत्येक कळ आणि क्लिक आधी आपल्याकडे वळवणारी सोय) लावून येणारी कळ खऱ्या यंत्रातून आली की दुसऱ्या प्रोग्रामने घातली ते बघणे. माऊसच्या फ्लॅगमध्ये १ चा बिट आणि कीबोर्डच्या फ्लॅगमध्ये १६ चा बिट लागलेला असेल तर ती घातलेली कळ. आपल्याकडे यात एक खास घोटाळा होतो: मराठी-कोंकणी टायपिंगची कित्येक साधने रोमन कळ गिळून देवनागरी अक्षर याच मार्गाने घालतात. गिऱ्हाईकाचे नाव देवनागरीत टाइप करणारी मुलगी प्रोग्रामला दूरची वाटते. म्हणून कीबोर्ड सोडून फक्त माऊसचा बिट धरा. ऑन-स्क्रीन कीबोर्ड वापरणाऱ्यालाही त्यामुळे अन्याय होत नाही. हुकमधले काम क्षणात संपले पाहिजे; रेंगाळलात तर विंडोज काही न सांगता हुक काढून टाकते. अँटीव्हायरसही हुककडे वाकड्या नजरेने बघतात.

ओळखण्यापेक्षा झाकणे सोपे. सेट-विंडो-डिस्प्ले-अफिनिटी या फंक्शनला खिडकीचे हँडल आणि १ दिले की टिपलेल्या चित्रात ती खिडकी काळी येते. विंडोज १० च्या २००४ आवृत्तीपासून १७ देता येते, मग ती चित्रात येतच नाही. पिन किंवा ओटीपीच्या खिडकीला एवढे करा. क्लिक मात्र याने अडत नाहीत.

लिनक्स

फोंड्याच्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये मुले काही समोर बसून, काही वसतिगृहातून एसएसएचने येतात. सर्वांत पहिला उपाय म्हणजे एसएसएच_कनेक्शन व्हेरिएबल बघणे. त्यात चार गोष्टी असतात: पलीकडचा पत्ता, पलीकडचा पोर्ट, आपला पत्ता, आपला पोर्ट. शेलच्या प्रॉम्प्टचा रंग बदलायला हे पुरे. सूडो केले, म्हणजे प्रशासकाच्या हक्काने कमांड चालवली, की ते पुसले जाते. टीमक्समध्ये, म्हणजे जोडणी तुटली तरी टर्मिनल जिवंत ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उलटा त्रास: काल वसतिगृहातून उघडलेल्या टीमक्सला आज समोर बसून जोडले तरी जुन्या चौकटीत कालचाच पत्ता.

पक्के उत्तर सिस्टमडीचे लॉगिन-डी, म्हणजे लिनक्सवर लॉगिनांचा हिशेब ठेवणारी सर्व्हिस, देते. लॉगिनसीटीएलला शो-सेशन आणि सेशन क्रमांक देऊन रिमोट आणि रिमोट-होस्ट या प्रॉपर्टी विचारा. सी मध्ये एसडी_पीआयडी_गेट_सेशनने आपले सेशन काढा आणि एसडी_सेशन_इज_रिमोटला द्या. इथे पहिले फंक्शन "माहिती नाही" अशी चूक देऊ शकते. ग्नोमसारख्या डेस्कटॉपमधले बरेच प्रोग्राम सेशनच्या खाली नव्हे, यूझरच्या सर्व्हिस मॅनेजरखाली जन्मतात, त्यामुळे त्यांना सेशन नसतेच. अशा वेळी एसडी_यूआयडी_गेट_डिस्प्लेने त्या माणसाचे मुख्य ग्राफिकल सेशन घ्या. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चाललेल्या कामालाही हेच "माहिती नाही" मिळू शकते. "सेशन नाही" म्हणजे "समोर आहे" असे मात्र धरू नका.

हे तपासताना कित्येक जण त्याच संगणकावरून लोकलहोस्टला एसएसएच करतात आणि रिमोटचे उत्तर "नो" आल्यावर डोके धरून बसतात. लॉगिन-डीला माहिती देणारे पॅम (लिनक्सची लॉगिन तपासणारी यंत्रणा) मॉड्यूल लोकलहोस्टला मुद्दाम स्थानिक धरते. चाचणी दुसऱ्या यंत्रावरूनच करा.

आई-बाप प्रोसेस शोधत वर जाऊन एसएसएचडी (एसएसएचची सर्व्हिस) सापडतो का बघण्याची जुनी युक्ती अजून चालते, पण ओपन-एसएसएच ९.८ पासून, म्हणजे २०२४ पासून, जोडणी सांभाळणारी प्रोसेस एसएसएचडी-सेशन या नावाने चालते. नेमक्या नावाशी तुलना करणाऱ्या स्क्रिप्ट तेव्हापासून गप्प झाल्या आहेत. मॉश (डळमळीत नेटवरही टिकणारा एसएसएचचा पर्याय) वापरणाऱ्यांच्या बाबतीत ती साखळी मुळातच तुटलेली असते. यूटीएमपी (सध्या कोण लॉगिन आहे त्याची) फाइल वाचणारा "हू" कमांडचा मार्ग नव्या कोडमध्ये घेऊ नका: त्या नोंदीतला वेळ ३२ बिटचा आहे, २०३८ मध्ये तो संपतो, आणि त्यामुळेच लिनक्सची वितरणे ती फाइल सोडून चालली आहेत.

मॅकवर एसएसएचची चाचणी लिनक्ससारखीच. स्क्रीन शेअरिंग मात्र साधारणपणे समोरचाच पडदा दाखवते, म्हणजे एनीडेस्कची अडचण इथे घरचीच.

तपासणी

गिऱ्हाईकाकडे देण्याआधी एका माणसाने अर्धा दिवस यासाठी काढावा. समोरून लॉगिन करून प्रोग्राम चालू, मग तो बंद न करता त्याच नावाने रिमोट डेस्कटॉप, मग तार ओढून जोडणी तोडणे, मग पुन्हा समोर. चारही टप्प्यांत प्रोग्राम एकदाही बंद करायचा नाही. उत्तरे क्रमाने समोर, दुरून, कोणीच-नाही, समोर अशी यायला हवीत. तिसरे उत्तर यायला वेळ लागतो, कारण तार ओढली तरी सर्व्हरला ते लगेच कळत नाही. म्हणून खिडकी मिटून तोडण्याची चाचणी वेगळी करा. त्यानंतर स्विच यूझर. विंडोजची होम आवृत्ती रिमोट डेस्कटॉप घेत नाही, तेव्हा चाचणीला प्रो आवृत्ती हवी.

हायपर-व्हीच्या आभासी यंत्रात तपासत असाल तर "एनहान्स्ड सेशन" बंद करा. तो आतून रिमोट डेस्कटॉपच वापरतो, त्यामुळे तुम्ही त्याच टेबलाशी बसलेले असताना प्रोग्राम "दुरून" म्हणतो, आणि तो बरोबर असतो.

प्रत्येक निर्णयाची एक ओळ लॉगमध्ये जाऊ द्या: वेळ, सेशन क्रमांक, जोडणीची स्थिती, ४०९६ चे उत्तर, काचेचा क्रमांक, ८१९३ चे उत्तर आणि शेवटचा निष्कर्ष. निष्कर्ष एकटा लिहिलात तर रात्री अकराला खण का उघडला हे दुकानदार विचारेल तेव्हा हातात फक्त "समोर" हा शब्द असेल.